बिशप बार्तोलोमे द लास कासास : एका मालकाचे मनपरिवर्तन

अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या थोर ख्रिस्ती व्यक्तींचे आपण स्मरण करतो, तेव्हा त्या जन्मतःच पीडितांच्या बाजूने उभ्या होत्या असा आपला समज असतो. बिशप बार्तोलोमे द लास कासास यांचे जीवन तसे नाही. ते स्वतः मालक होते, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र आम्हांला अधिक विचार करावयास लावते.

स्पेनमधील सेव्हिल येथे १४८४ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीवर, १४९३ साली गेले होते. १५०२ साली बार्तोलोमे स्वतः कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर पोहोचले. पुढे त्यांनी गुरुदीक्षा घेतली, परंतु जमीनजुमला सोडला नाही. त्या काळी 'एन्कोमिएन्दा' नावाची पद्धत रूढ होती. स्थानिक लोकांची गावेच्या गावे एखाद्या स्पॅनिश माणसाच्या हवाली केली जात. त्याने त्यांना धर्मशिक्षण द्यावे आणि मोबदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, असा करार कागदावर होता. प्रत्यक्षात धर्मशिक्षण बाजूला राहिले आणि उरली ती केवळ वेठबिगार. खाणींत आणि शेतांत माणसे झिजून मरत होती. युरोपातून आलेल्या रोगांनी उरलेल्यांचा घास घेतला.

१५११ सालच्या आगमनकाळात सांतो दोमिंगो येथे डॉमिनिकन धर्मगुरू आंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी प्रवचनपीठावरून या अत्याचाराचा जाहीर धिक्कार केला. वसाहतवाले खवळले. लास कासास मात्र बदलले नाहीत. पदरी वेठबिगार बाळगतो म्हणून एका डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्यांना पापक्षमा नाकारली, तरीही ते बदलले नाहीत. पुढे क्युबाच्या स्वारीत ते सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून गेले. काओनाओ या गावी निःशस्त्र स्त्रीपुरुषांची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्यानंतरही बक्षीस म्हणून मिळालेली जमीन व माणसे स्वीकारली! मनुष्याचे अंतःकरण किती सावकाश जागे होते, हे येथे दिसते.

१५१४ सालच्या पेंटेकॉस्ट सणाच्या प्रवचनाची तयारी करताना बेनसिराच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायापाशी ते थबकले. गरिबांना लुबाडून आणलेले अर्पण परमेश्वराला मान्य नाही, हा तेथील विषय. आपण दररोज वेदीवर काय अर्पण करीत आहोत, हा प्रश्न त्यांना टाळता येईना. त्यांनी आपल्या ताब्यातील माणसे गव्हर्नर वेलास्केस यांच्याकडे परत सोपविण्याचे ठरविले आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, प्रवचनातून ते जाहीर केले. ही माणसे दुसऱ्या मालकाच्या हाती जाणार हे त्यांना ठाऊक होते. परंतु स्वतःचे हात गुंतलेले असताना इतरांना काय सांगणार?

त्यानंतरची पन्नास वर्षे म्हणजे राजदरबाराच्या खेपा, अर्ज, निवेदने आणि अपयश. १५१६ साली त्यांना स्थानिकांचे संरक्षक नेमण्यात आले. १५२२ साली, कुमाना येथील शांततामय वसाहतीचा प्रयोग उद्ध्वस्त झाल्यानंतर, ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी हे लोक विवेकशील मानव असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे घोषित केले. १५४२ साली सम्राट पाचवे चार्ल्स यांनी स्थानिकांना गुलाम करण्यास बंदी घातली आणि एन्कोमिएन्दा वंशपरंपरेने चालू नये असा कायदा केला. या कायद्यामागे लास कासास यांची चिकाटी होती. वसाहतवाल्यांनी इतका विरोध केला की १५४५ साली सम्राटांनी वारसाहक्कावरील बंदीचे कलम मागे घेतले.

त्याच वर्षी लास कासास मेक्सिकोच्या दक्षिणेस चियापास येथे बिशप म्हणून आले. ज्यांनी गुलाम सोडले नाहीत त्यांना पापक्षमा देऊ नये, असा आदेश त्यांनी धर्मगुरूंना दिला. एके काळी स्वतःला मिळालेला नकार त्यांनी आता इतरांसमोर ठेवला. शहर पेटून उठले. दोन-तीन वर्षांतच त्यांना स्पेनला परतावे लागले. १५५०-५१ साली वायादोलिद येथे विद्वान सेपुल्वेदा यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. काही माणसे स्वभावतःच दास असतात, हे ॲरिस्टॉटलचे मत सेपुल्वेदा पुढे करीत होते. लास कासास यांनी पाच दिवस आपले उत्तर वाचून दाखविले. परीक्षकांनी स्पष्ट निर्णय दिलाच नाही.

त्यांच्या १५५२ सालच्या पुस्तकातील मृतांचे आकडे फुगविलेले असल्याचे इतिहासकार म्हणतात आणि ते खरे असावे. स्पेनच्या शत्रूंनी ते पुस्तक आपल्या राजकारणासाठी वापरले, हेही खरे. तथापि त्याहून जड असा एक दोष त्यांच्या नावावर आहे. स्थानिकांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकन गुलाम आणावेत, अशी सूचना त्यांनी सुरुवातीच्या काळात केली होती. एकाचे दुःख दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणारा हा उपाय होता. पोर्तुगीज त्या लोकांना कसे पकडून आणतात हे पुढे त्यांना समजले, तेव्हा ही गुलामगिरीही तितकीच अन्यायाची असल्याचे त्यांनी मान्य केले.

जुलै १५६६ मध्ये माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाचे हस्तलिखित त्यांनी वायादोलिदच्या सान ग्रेगोरिओ मठाकडे सोपविले होते आणि चाळीस वर्षे ते छापू नये असे सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात ते छापून येण्यास १८७५ साल उजाडले. आफ्रिकन गुलामांविषयीचा त्यांचा पश्चात्ताप त्याच पानांत आहे. आपण अजाणतेपणी बोललो ही सबब देवाच्या न्यायासनापुढे चालेल की नाही, याची त्यांना शेवटपर्यंत खात्री वाटली नव्हती.