भिंतीवर टांगलेलं वाद्य

फर्स्ट इयरला असताना मित्राच्या रूमवर गेलात, की तुम्ही काय बघता? पोस्टर, पुस्तकं, फार तर गिटार. केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या एका मुलाला मित्राच्या भिंतीवर एक विचित्र लाकडी वाद्य टांगलेलं दिसलं. इंग्रजी 'जे' अक्षरासारखं खाली वळलेलं. त्याचं नाव क्रमहॉर्न. चारशे वर्षांपूर्वी युरोपात ते जोरात वाजायचं, मग लोक त्याला विसरून गेले. त्या मुलाचं नाव डेव्हिड मन्रो. त्या भिंतीनं त्याचं करिअर ठरवलं, असं म्हटलं तरी चालेल.

डेव्हिडचा जन्म १९४२ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. शाळेत तो बसून वाजवायला शिकला. कॉलेजला जाण्याआधी त्यानं जे केलं, त्याला आज आपण गॅप इयर म्हणतो. १९६० मध्ये तो पेरू देशात लिमाच्या एका शाळेत शिकवायला गेला. परत येताना त्याच्या सामानात दक्षिण अमेरिकेतल्या बासऱ्या आणि कसली कसली लोकवाद्यं होती.

केंब्रिजमध्ये थर्स्टन डार्ट हे संगीताचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी या मुलाला सुचवलं, की ही लोकवाद्यं आणि युरोपची जुनी वाद्यं यांचं नातं शोध. हा सल्ला डेव्हिडनं मनावर घेतला. म्हणजे बघा, जे वाद्य एका ठिकाणी म्युझियममध्ये गेलंय, त्याचा भाऊबंद दुसरीकडे अजून लग्नात वाजत असतो. आपली सनई घ्या. फुंकायच्या टोकाला दुहेरी पत्ती. युरोपातल्या मध्ययुगीन 'शॉम'चीही रचना तशीच, आणि आजच्या ऑर्केस्ट्रातला ओबो हा याच शॉमचा वंशज. क्रमहॉर्नलाही दुहेरी पत्तीच असते, पण ती टोपणाखाली झाकलेली. वाजवणाऱ्याचे ओठ तिला लागत नाहीत, म्हणून आवाज भुंग्यासारखा येतो.

डिग्रीनंतर तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत बसून वाजवायला लागला. पण थोड्याच दिवसांत नाटकांसाठी शेक्सपिअरच्या काळातली वाद्यं वाजवू लागला. १९६७ हे त्याचं मोठं वर्ष. लेस्टर विद्यापीठात जुन्या संगीताच्या इतिहासाचा लेक्चरर झाला आणि ख्रिस्तोफर हॉगवुड, जेम्स बोमन अशा मित्रांना घेऊन त्यानं 'अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन' हा ग्रुप काढला. पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तो रेकॉर्डर, म्हणजे उभी बासरी, शिकवायलाही लागला.

आता तुम्ही म्हणाल, इतकं जुनं संगीत ऐकणार कोण? खरी गंमत इथेच आहे. तोवर हे संगीत म्हणजे अभ्यासकांचा विषय. डेव्हिडनं ते नाचाच्या ठेक्यावर, धमाल करत वाजवलं. १९७० मध्ये आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवरची बीबीसीची मालिका आली. तिच्या संगीतातून त्यानं ही वाद्यं घराघरांत नेली. मग १९७१ मध्ये रेडिओवर 'पाइड पायपर' सुरू झाला, तरुण श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम. नाव उंदीर पळवणाऱ्या त्या पुंगीवाल्याचं. यात मॉन्टेव्हर्डीपासून इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या रॉक बँडपर्यंत काहीही चालायचं. पाच वर्षांत ६५५ भाग! हिशेब करा, आठवड्याला सरासरी दोन ते अडीच. शिवाय कॉन्सर्ट, पन्नासच्या आसपास रेकॉर्ड, सिनेमाचं संगीत, शिकवणं आणि मध्ययुगीन वाद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक.

हे वाचून 'काय भारी हसल आहे' असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण पुढचं वाचा. वडील आणि सासरे, दोघंही थोड्या काळात गेले. पुस्तक त्यानं त्या दोघांना अर्पण केलं. मन आधीच नैराश्यानं पोखरलेलं होतं. १५ मे १९७६ ला डेव्हिडनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ३३. पुस्तक त्याच वर्षी आलं. पुढच्या वर्षी त्याच्या ग्रुपच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं, तेव्हा ते घ्यायला तो नव्हता.

त्यानं असं का केलं, याचं एका वाक्यातलं उत्तर देऊ नये. एवढंच लक्षात ठेवू, की आवडीचं काम, नाव, टाळ्या हे सगळं असूनही माणूस आतून खचू शकतो. तुमच्या ग्रुपमधला सगळ्यात उत्साही मित्रसुद्धा. त्याला विचारा. आणि तुम्हीच खचला असाल तर बोला. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यासाठीच आहे.

गोष्ट इथे संपत नाही. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नासाची दोन व्हॉयेजर यानं उडाली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, परग्रहावर कुणी असलंच तर पृथ्वीची ओळख म्हणून. तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यातला एक अँथनी हॉलबोर्नचा, १५९९ साली छापलेला 'फेअरी राउंड' हा नाच. जेमतेम सव्वा मिनिटाचा. वाजवणारे, डेव्हिड मन्रो आणि मंडळी.

त्याच तबकडीवरच्या संगीतात भारताकडून एकच आवाज आहे, आपल्या गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांचा. भैरवीतली 'जात कहाँ हो'. यानं निघाली त्याच सप्टेंबरात केसरबाईही गेल्या.

व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरच्या पुढे आहे. केंब्रिजच्या भिंतीवरून सुरू झालेला एका इंग्रजीच्या विद्यार्थ्याचा नाद आणि केरीची भैरवी एकाच तबकडीवरून चालली आहेत. आज कॉलेजमधून परतताना दोन्ही ऐका. मिळून पाचच मिनिटं लागतील.