बाबासाहेबांचे व्हायोलिन आणि इस्लापूरचे क्लॅरोनेट

भीमजयंतीच्या तयारीसाठी इस्लापूरच्या विहारात बैठक होती. वर्गणी, मिरवणूक, डीजे असे नेहमीचे विषय संपले आणि वस्तीतला एक बाप उभा राहिला. घर मातंगाचे, पंधरा वर्षांपूर्वी धम्म स्वीकारलेले. बारावीतला मुलगा क्लॅरोनेट शिकायचे म्हणून हट्ट धरून बसला होता. मुलाच्या आजोबांनी हयातभर लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर उभे राहून सनई वाजवली आणि पंगत उठल्यावर उरलेले अन्न ओट्यात घेतले. ते सोडायला एक पिढी खर्ची पडली आणि आता पोरगा पुन्हा तोंडाला वाजंत्रीच लावणार काय, असा बापाचा सवाल होता. आम्ही पेशाने वकील, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. आम्ही बापाच्या बाजूने कौल दिला. मुलगा काही न बोलता उठून गेला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पुण्याला सेनापती बापट मार्गावर सिम्बायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. तिथे बाबासाहेबांच्या इतर वस्तूंबरोबर त्यांचे व्हायोलिन ठेवलेले आम्ही पाहिले आहे. तेच डोळ्यांपुढे येत राहिले.

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक आणि पंथाने कबीरपंथी. घरात कबीराची पदे आणि भजने नित्याची. म्हणजे या घराला सूर परका नव्हता. परके ठरवले ते व्यवस्थेने. शाळेत भीमराव वेगळा बसला. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. काय शिकायचे हे मुलाने नव्हे, जातीने ठरवले. पुढे बाबासाहेबांनी संस्कृत स्वतःच्या बळावर मिळवले, पाली आत्मसात केली आणि पालीचा शब्दकोश करायला घेतला. नाकारलेली विद्या वसूल करण्याची ही जिद्द ध्यानात घ्या.

१९०७ ची मॅट्रिक, १९१२ ची बी.ए., १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठ, मग लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी, ही यादी आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. मेलेली गुरे ओढू नका, गावकीची हलकी कामे सोडा, हा आदेश गावोगाव पोहोचला. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. जन्माने गळ्यात पडलेल्या कामातून समाज सोडवण्यासाठी हा माणूस आयुष्यभर झिजला.

संविधान झाले. हिंदू कोड बिल अडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, नजर मंदावत चालली होती. आयुष्याच्या या उत्तरार्धात बाबासाहेबांनी शिक्षक लावून व्हायोलिन शिकायला घेतले.

व्हायोलिन हे सोपे वाद्य नाही. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. व्हायोलिनला पडदेच नसतात. बोट केसभर सरकले की सूर ढळतो आणि नवशिक्याच्या हातून कित्येक दिवस नुसती करकर निघते. देशाचे कायदे लिहिलेला माणूस पहिलीच्या पोरासारखा ही करकर सोसत बसला. कशासाठी? त्यातून ना पद मिळणार होते ना मते. शिकावेसे वाटले म्हणून ते शिकले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातले आमचे इस्लापूर सर्कल मराठी मुलखात आले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडवरच्या घरी बाबासाहेब कबीराचे पद गुणगुणत होते आणि आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ मागून घेतले होते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. वडिलांच्या घरातला सूर शेवटच्या रात्रीपर्यंत त्यांच्या सोबत होता.

आता त्या क्लॅरोनेटकडे वळू. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर (१६५५–१७०७) या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास जुन्या एकपत्ती बासरीला चाव्या बसवून हे वाद्य घडवले. सनईला दुहेरी पत्ती, याला एकच. सनईत जोराने फुंकले की स्वर सप्तकभर वर जातो, क्लॅरोनेटमध्ये तो बाराव्या स्वरावर उडी घेतो. म्हणून सनईवाल्यालाही इथे बोटे नव्याने शिकावी लागतात. इंग्रजी पलटणींच्या बँडमधून ते आपल्याकडे आले आणि लग्नाच्या वरातीत शिरले. तिकडे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी, गुलामांच्या नातवंडांनी, हेच वाद्य हाती घेऊन जॅझ घडवले. सिडनी बेशे (१८९७–१९५९) त्यांतलाच एक. वाद्य तेच, पण त्यांनी ते मालकाच्या दारात नव्हे, आपल्या हक्काने वाजवले.

बांधवांनो, आमची चूक आम्हाला इथे कळली. आजोबांच्या सनईवर मालकी गावाची होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती. संविधानाच्या कलम २३ ने बंद केली ती ही वेठ. आणि कलम १९ ने दिला तो आपल्या मर्जीने व्यवसाय निवडण्याचा अधिकार. बाबासाहेबांनी दोन्ही दिले. आम्ही मात्र वेठ नाकारण्याच्या नादात निवडही नाकारत होतो. पोराने काय शिकावे हे त्याची जात पाहूनच ठरवत होतो. मग संस्कृत नाकारणाऱ्या त्या शाळेत आणि आमच्यात फरक तो काय उरला?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बापाच्या घरी गेलो आणि आपला कौल मागे घेतला. बाप बराच वेळ गप्प होता. मग त्याने एकच अट घातली. पोरगा शिकेल, पण कुणाच्या मांडवाबाहेर उभा राहणार नाही. आम्ही ती अट मान्य केली आणि मुलानेही केली.

आता जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे. एका रात्रीच्या डीजेवर हजारो रुपये उधळले जातात आणि सकाळी हाती कानठळ्यांशिवाय काही उरत नाही. त्यातला एक हिस्सा बाजूला काढा, विहारात दोन वाद्ये आणा, शिकवणारा नेमा. ज्या आंबेडकरी जलशांनी पेटी-ढोलकीवर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, त्यांचे वारस आपण आहोत. आमच्यापुरती आम्ही यंदाची वर्गणी डीजेला द्यायची नाही, असे ठरवले आहे. ती क्लॅरोनेटला जाईल.

जय भीम!