लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई : डोंगरातल्या न्यायाला संविधानात जागा मिळवून देणारा माणूस



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'सहावी अनुसूची' हे दोन शब्द येतात. आपण ते वाचतो, मुलांना 'ईशान्येकडील आदिवासी भागांसाठी' असं एका ओळीत सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. खरं सांगायचं तर मीही कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. पण त्या एका ओळीमागे एका माणसाचं आयुष्य आहे, आणि तो माणूस काही काळ आपल्यासारखाच शाळेत शिक्षक होता. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

गोपीनाथ बोरदोलोई यांचा जन्म 6 जून 1890 रोजी आसाममधील राहा या गावी झाला. वडिलांचं नाव बुद्धेश्वर, आईचं प्राणेश्वरी. गोपीनाथ बारा वर्षांचे असताना आई गेली. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकून ते कलकत्त्याला गेले. तिथे पदवी घेतली आणि 1914 मध्ये इतिहास विषयात एम. ए. झाले. पुढे कायद्याचा अभ्यास केला, पण शेवटची परीक्षा न देताच ते गुवाहाटीला परतले.

इथे आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट घडली. सोनाराम हायस्कूलमध्ये त्यांना तात्पुरतं मुख्याध्यापकाचं काम मिळालं. शाळा सांभाळता सांभाळता त्यांनी राहिलेली कायद्याची परीक्षा दिली, पास झाले आणि 1917 मध्ये वकिली सुरू केली. 'सर, आता उशीर झाला' म्हणणाऱ्या मुलाला हा प्रसंग जरूर सांगा.

असहकाराच्या काळात ते काँग्रेसमध्ये आले. वकिली सोडली, 1922 मध्ये तुरुंगात गेले. 1938 मध्ये आसाम प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत, हे मुलांना सांगायला विसरू नका, नाहीतर गोंधळ होतो. 1939 मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुन्हा तुरुंगवास झाला आणि 1946 मध्ये पुन्हा तेच पद मिळालं.

आसामचा निर्णय आसाम घेणार

1946 मध्ये ब्रिटिशांच्या कॅबिनेट मिशनने प्रांतांचे गट करण्याची योजना मांडली. त्यात आसामला बंगालबरोबर एका गटात टाकलं होतं. म्हणजे आसामची घटना ठरवताना बहुमत बंगालचं राहणार होतं. बोरदोलोई अडून बसले. दिल्लीतले मोठे नेते तडजोडीकडे झुकत असतानाही ते हटले नाहीत. गांधीजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आमच्याबद्दलचा निर्णय आमच्याशिवाय होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता खरी परीक्षा पुढे आहे. आसामच्याच डोंगरात खासी, गारो, लुशाई (म्हणजे आजचे मिझो), नागा, मिकीर (आजचे कार्बी) आणि दिमासा हे लोक राहत होते. उद्या त्यांनीही हेच वाक्य आसाम सरकारला ऐकवलं तर?

डोंगरातला न्याय

1935 च्या कायद्याने यातले काही डोंगर 'वगळलेले' आणि काही 'अंशतः वगळलेले' ठरवले होते. नागा आणि लुशाई टेकड्यांच्या कारभारात प्रांताच्या मंत्र्यांना काहीच अधिकार नव्हता. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली गावातले तंटे मात्र बरेचसे गावचे प्रमुख आणि जाणती मंडळी रूढीप्रमाणे मिटवत. जमिनीची हद्द, लग्न, वारसा, चोरी अशा गोष्टींसाठी वकील नव्हता, कोर्ट फी नव्हती. चूक करणाऱ्याने भरपाई द्यायची आणि पुन्हा गावात नांदायचं.

इंग्रज जाणार म्हटल्यावर प्रश्न आला, आता या न्यायाचं काय? मैदानातली कोर्टं, पोलीस आणि कायद्याची कलमं सरसकट डोंगरावर न्यायची का?

1947 मध्ये संविधान सभेने यासाठी एक उपसमिती नेमली. अध्यक्ष बोरदोलोई. सदस्यांत खासी नेते जे. जे. एम. निकोल्स-रॉय, बोडो समाजातले रूपनाथ ब्रह्म आणि आपल्या पुण्यातल्या भारत सेवक समाजाचे ठक्कर बाप्पा होते. समिती शिलाँगला बसून राहिली नाही. ती लुशाई टेकड्यांत गेली, नागा टेकड्यांत गेली, आणि तिथल्या माणसांना सहसदस्य म्हणून सोबत घेतलं.

समितीच्या शिफारशींतून सहावी अनुसूची तयार झाली. न्यायाबद्दल तिचं म्हणणं सोप्या भाषेत असं :

1. प्रत्येक डोंगरी जिल्ह्याला बहुतांशी निवडून आलेली स्वायत्त जिल्हा परिषद असेल.
2. जमीन, झूम शेती, वारसा, लग्न, गावप्रमुखाची नेमणूक यांवर ती कायदे करेल.
3. दोन्ही पक्ष त्याच भागातल्या अनुसूचित जमातींचे असतील तर खटला परिषदेने नेमलेली ग्राम न्यायालयं चालवतील.
4. अपील परिषदेच्या वरच्या न्यायालयात होईल. उच्च न्यायालयाचा दरवाजा राज्यपाल ठरवतील त्या मर्यादेत उघडा राहील.
5. फाशी किंवा मोठ्या कैदेचे गंभीर गुन्हे चालवण्याचा अधिकार आपोआप मिळणार नाही, तो राज्यपालांनी वेगळा द्यावा लागेल.

म्हणजे पूर्ण मोकळीकही नाही आणि पूर्ण ताबाही नाही. सरकार आणि जमात यांनी न्यायाचं काम वाटून घ्यायचं.

1949 मध्ये संविधान सभेत यावर जोरदार वाद झाला. विरोध करणाऱ्यांत कुलधर चलिहा आणि रोहिणीकुमार चौधरी होते, म्हणजे बोरदोलोईंच्या आसामचेच. यातून देश तुटेल, अशी त्यांना भीती होती. डॉ. आंबेडकर आणि निकोल्स-रॉय यांनी बाजू लावून धरली आणि अनुसूची मंजूर झाली. सुरुवातीला सहा जिल्ह्यांना ती लागू झाली.

सगळं गोड झालं का?

नाही, आणि हे मुलांपासून लपवू नका. नागा नेत्यांना ही व्यवस्था अपुरी वाटली, त्यांनी ती स्वीकारली नाही. 1963 मध्ये नागालँड वेगळं राज्य झालं, 1972 मध्ये मेघालय. रूढीच्या न्यायातही उणिवा होत्या. खासी समाजात वंश आईच्या नावाने चालतो, पण गावच्या दरबारात परंपरेने बसत ते पुरुषच. परंपरा जपायची म्हणजे तिला प्रश्न विचारायचा नाही, असं नव्हे.

तरीही आज आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममध्ये मिळून दहा स्वायत्त परिषदा आहेत. बोरदोलोई मात्र हे फार पाहू शकले नाहीत. संविधान लागू झालं त्याच वर्षी, 5 ऑगस्ट 1950 रोजी, त्यांचं निधन झालं. गुवाहाटी विद्यापीठ आणि आसामचं उच्च न्यायालय 1948 मध्ये त्यांच्याच काळात सुरू झालं. लोक त्यांना 'लोकप्रिय' म्हणत, आणि 1999 मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

वर्गात हे कसं घ्याल?

आपल्या महाराष्ट्रात सहावी नाही, पाचवी अनुसूची आहे. पण 1996 च्या पेसा कायद्याने गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याची पद्धत जपण्याचा अधिकार मान्य केला आहे. वर्गात एक छोटा खेळ घ्या. दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद आहे. एक गट गावची बैठक होऊ दे, दुसरा गट कोर्ट. मग मुलांना विचारा, कुठे लवकर मिटलं? कुठे दुबळ्याचं ऐकलं गेलं? कुठला वाद गावात मिटवू नये, कोर्टातच न्यावा?

पालकहो, घरीही करून बघा. भावंडांचं भांडण झालं की लगेच निकाल देऊ नका. आधी दोघांना नियम ठरवू द्या, आणि अपिलासाठी तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा. सहावी अनुसूची मुलांना त्या दिवशी जास्त कळेल.