अहिल्यादेवींचा हिशेब

जामखेड तालुक्यात सीना नदीच्या काठी चौंडी हे लहानसे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी कन्या जन्मली. २०२४ साली आपल्या साऱ्या जिल्ह्याला तिचेच नाव मिळाले. भगिनींनो, पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देवळे बांधली, घाट बांधले, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्या देवळांना पैसा कोठून आला हे फारसे कोणी सांगत नाही. मला तर त्यांच्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

१७३३ साली आठव्या वर्षी त्या होळकरांच्या घरी सून म्हणून गेल्या. सासरे मल्हारराव मोठे सरदार, बहुतेक काळ मोहिमेवर. पण माणसाची पारख त्यांना चांगली होती. मुलगा खंडेराव कारभारात फारसा लक्ष घालीना, तेव्हा त्यांनी सुनेच्या हाती वसुली, हिशेब व पत्रव्यवहार सोपवला. त्या काळी सुनेने उंबऱ्याबाहेर पाहायचे नाही अशी रीत असता सासऱ्याने हे करावे, याचे मला नवल वाटते.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेचा गोळा लागून पडले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांच्यापुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि त्या मागे राहिल्या. लोक काय म्हणतील हा विचार त्यांच्याही मनात आला असेल. पण एकदा राहायचे ठरल्यावर रडत बसायचे नाही, असेच त्या पुढे वागल्या.

१७६६ साली मल्हारराव गेले. गादीवर मुलगा मालेराव बसला, तोही १७६७ साली वारला. मग दिवाण गंगाधर यशवंत यांनी लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला, आणि राघोबादादा पेशवे फौज घेऊन माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली, तुकोजी होळकरांना फौजेसह उभे केले, आणि राघोबादादांना कळवले की बायकांशी लढून जिंकलात तरी कीर्ती नाही, हरलात तर मात्र तोंड दाखवायला जागा राहणार नाही. थोरल्या माधवरावांनीही बाईंचाच हक्क मानला. दादा मग पाहुणे म्हणून आले व गेले. अशीही आख्यायिका आहे की त्यांनी होळकरांच्या खजिन्याची मागणी केली, तेव्हा बाईंनी त्या धनावर तुळशीपत्र ठेवून सांगितले, की दान म्हणून हवे तर ब्राह्मण या नात्याने खुशाल घ्यावे. दादांना दान घेण्याचा कमीपणा सोसेना!

आता पैशाचे सांगते. होळकरांची मिळकत दोन प्रकारची होती. एक दौलत, म्हणजे राज्याचा पैसा. दुसरी खासगी. ही १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याकरिता वेगळी तोडून दिली होती. आपण नाही का घरखर्चातून वाचलेले चार पैसे डाळीच्या डब्यात ठेवत, त्यावर घरच्या कर्त्याचाही हक्क नसतो! तसेच हे, डबा तेवढा फार मोठा. सासूनंतर खासगी अहिल्याबाईंकडे आली. देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. दौलतीचा पैसा फौजेचा व रयतेचा. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म.

काशीचे विश्वेश्वराचे देऊळ औरंगजेबाने १६६९ साली पाडले होते. ते त्यांनी १७८० साली जवळच नव्याने उभे केले. १७८३ साली सोमनाथाचे. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, पंढरीचा होळकरवाडा, किती सांगावे! यांतली बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेरची. एवढा खर्च फौजेवर केला असता तर बरे झाले असते, असे काही जण लिहितात. मला ते पटत नाही. वाटेवर उन्हाळ्यात तहानेल्या वाटसरूला पाणी मिळे, नांगराच्या बैलांनाही पाजले जाई, थंडीत गरिबांना कपडे मिळत. पाखरांना कोणी हाकलू नये म्हणून त्या उभे पीक विकत घेऊन ठेवीत. हे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने, बाईंना पाहिलेली माणसे हयात असताना, चौकशी करून लिहून ठेवले आहे.

राजधानी त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला केली. विणकर आणून वसवले, म्हणून आपण महेश्वरी लुगडी नेसतो. पहाटे उठून स्नान, पूजा, पुराण, दानधर्म, दुपारी दरबार. पडदा नव्हता, कोणीही येऊन गाऱ्हाणे सांगावे. रात्री पुन्हा कागद. हुकूम शंकराच्या नावाने निघत, कारण राज्य देवाचे आणि आपण कारभारीण, अशी त्यांची समजूत होती. निपुत्रिक विधवेची संपत्ती सरकारजमा करायला किंवा दत्तकाच्या परवानगीसाठी भारी नजराणा उकळायला अधिकारी टपलेले असत. बाईंनी ते होऊ दिले नाही. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना आधी धाक दाखवला, पण त्यांचा भिलकवडीचा जुना हक्क मान्य करून रस्त्याच्या रखवालीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. एका विद्वानाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ आणला, तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकवला.

हे सारे वाचताना मन प्रसन्न होते, पण १७९१ साल आले की पुढे वाचवत नाही. आधी नातू नथ्याबा गेला होता. त्या वर्षी जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पाया पडून विनवले. मुलगी ऐकेना. आई आता थकली, तिच्यामागे आपण एकटीने कशासाठी उरायचे, असे तिचे म्हणणे. जी बाई सासऱ्याच्या शब्दासाठी चितेवरून मागे फिरली, तिच्या शब्दाने तिची पोटची पोर फिरली नाही. हजारो विधवांना न्याय देणाऱ्या राज्यकर्तीच्या हाती हुकुमाचा अधिकार होता, तो तिने येथे का वापरला नाही, असे आज आपल्या मनात येते. त्या काळी त्या निश्चयाच्या आड येणे अधर्म मानीत. मला वाटते, त्यांचा देव त्या दिवशी त्यांच्याकडून फार मागून गेला. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते, ज्वाळा उठल्या तेव्हा त्या आक्रोश करीत स्वतःचे हात चावू लागल्या. नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत.

मग पुन्हा दरबार सुरू झाला, पुन्हा कागद, पुन्हा गाऱ्हाणी. मुलीच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधवली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. कारभार तुकोजीरावांकडे गेला, आणि दोनच वर्षांत तेही निवर्तले.