लुई ब्रेल

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशात कूव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांची खोगिरे शिवत. तीन वर्षांचा असताना खेळता खेळता लुईच्या डोळ्यात हत्यार घुसले. जखम चिघळली अन् पाच वर्षांचा होईस्तोवर दोन्ही डोळे गेले. पण वडिलांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. काठी करून दिली. ती टेकत तो गावात हिंडे. गावच्या शाळेत गुरुजींनी त्याला सगळ्या मुलांबरोबर बसवले. मला हे फार आवडले. पुढे १८१९ साली तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथे १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. बोटांनी वाचायची ही लिपी मराठीसाठीही वापरतात. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल वारले.

बाजारच्या दिवशी एस. टी. स्टँडवर कुणी अंध दिसले, तर मदत हवी का, असे आधी विचारावे. हात धरून ओढू नये. आपले कोपर त्यांना धरू द्यावे. पायरी आली की सांगावे. वाट त्यांची, आपण फक्त सोबत करायची.