प्रशांतचंद्र महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस (जन्म : २९ जून १८९३, कोलकाता, मृत्यू : २८ जून १९७२, कोलकाता) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. अपुऱ्या आकडेवारीच्या परिस्थितीत उत्पादन व उपभोग यांचा विश्वासार्ह अंदाज बांधण्यासाठी त्यांनी मोठ्या प्रमाणावरील नमुना पाहणीचे तंत्र विकसित केले.

जीवन

केंब्रिज येथे शिक्षण घेऊन परतल्यावर ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. केंब्रिजमध्ये हाती आलेल्या 'बायोमेट्रिका' या नियतकालिकामुळे ते संख्याशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये 'सांख्य' हे नियतकालिक सुरू केले.

नमुना पाहण्या

१९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या लागवडीच्या पाहण्या हाती घेतल्या. प्रथम छोटी प्राथमिक पाहणी करायची, तिच्यावरून खर्च व संभाव्य चूक ठरवायची आणि मग व्याप्ती वाढवायची, अशी त्यांची पद्धत होती. एकाच क्षेत्रातून स्वतंत्र उपनमुने घेऊन ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपवले जात. निष्कर्षांतील तफावतीवरून माहितीची विश्वासार्हता कळत असे. शहरी उपभोगाकडेही त्यांचे लक्ष होते. कोलकात्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांतील चहापानाच्या प्रमाणाची पाहणी १९३९ मध्ये झाली. पीक कापणीच्या प्रयोगांत वाफ्याचा आकार केवढा असावा, यावर त्यांचा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी मतभेद होता.

उपभोगाचे मापन

त्यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिली फेरी ग्रामीण भागापुरती होती. शहरी कुटुंबांचा समावेश नंतर झाला. कुटुंबांच्या खर्चाच्या या नोंदींमुळे उत्पन्न वाढल्यास कोणत्या वस्तूंची मागणी किती वाढेल, याचा अंदाज बांधणे शक्य झाले. वेगवेगळ्या काळांतील वा प्रदेशांतील उपभोगाची तुलना करण्यासाठी त्यांनी कुटुंबांना खर्चाच्या चढत्या क्रमाने समान गटांत विभागणारी 'फ्रॅक्टाइल' आलेख पद्धती मांडली.

नियोजन आणि टीका

दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६–६१) त्यांच्या प्रतिमानावर आधारलेली होती. तीत अवजड उद्योगांवर भर होता, तर उपभोग्य वस्तूंची वाढती मागणी मुख्यतः कुटीर व लघुउद्योगांनी भागवावी, अशी अपेक्षा होती. मुंबईचे अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी यावर टीका केली. अन्नधान्य, कापड यांसारख्या वस्तूंचा पुरवठा अपुरा राहिल्यास रोजगारवाढच खुंटेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मागणी मोजण्याची साधने देशाला देणाऱ्या महालनोबिस यांच्या योजनेत त्याच मागणीला दुय्यम स्थान मिळाले, हा त्यांच्या कार्यातील वादाचा मुद्दा ठरला.

सन्मान

१९४५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस २००७ पासून भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.