रेडिओ हवेतून येतो, पण मार्कोनीला आधी जमिनीशी झगडावं लागलं

उन्हाळ्यात भोकरदनच्या एखाद्या शिवारात कुणी मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतताना दिसलं, तर कुणाला नवल वाटत नाही. काळी माती वाळली, तिला भेगा पडल्या की अर्थिंग नीट काम करत नाही. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालायचा, वरून पाणी सोडायचं.

आता विचार करा, हीच माती वाळण्याऐवजी गोठली तर?

मराठवाड्यात जमीन गोठत नाही. पण कॅनडात, रशियात, आपल्याच लेहमध्ये गोठते. आणि तिथं याचा फटका रेडिओलाही बसतो. रेडिओ तर हवेतून येतो, मग त्याचा जमिनीशी काय संबंध?

हे समजून घ्यायचं तर गुलिएल्मो मार्कोनीची गोष्ट वाचावी लागते.

एक पत्रा वर, एक खाली

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयर्लंडच्या जेमसन या व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पोरगं विद्यापीठात रमलं नाही, पण घराच्या माळ्यावर विजेचे प्रयोग करत बसायचं.

रेडिओ लहरी मार्कोनीनं शोधल्या नाहीत. त्या हाइनरिश हर्ट्झनं आधीच दाखवल्या होत्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांचेही प्रयोग चालू होते. पण या लहरी लांब पाठवणं कुणाला जमत नव्हतं.

१८९५ मध्ये मार्कोनीनं एक साधी गोष्ट केली. यंत्राचं एक टोक उंच टांगलेल्या धातूच्या पत्र्याला जोडलं आणि दुसरं टोक थेट जमिनीत गाडलं. सिग्नल टेकडीपलीकडे, साधारण दोन किलोमीटरवर पोहोचला. तो मिळाल्याची खूण म्हणून पलीकडून भावानं बंदुकीचा बार काढला.

हे का घडलं? अँटेना लहरीच्या लांबीच्या हिशोबात मोठी लागते. जितकी कमी फ्रिक्वेन्सी, तितकी लांब लहर आणि तितकी उंच अँटेना. मार्कोनीच्या गाडलेल्या तारेमुळे जमीनच अँटेनाचा उरलेला अर्धा भाग बनली.

जमीन गोठली की काय होतं?

मातीतून वीज वाहते ती मुख्यतः ओलाव्यामुळे. पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. पाण्याचा बर्फ झाला की हे क्षार जागीच अडकतात. माती वाळल्यावर जे होतं, तेच गोठल्यावर होतं.

त्यामुळे दोन नुकसानं होतात. एक, अँटेनाच्या अर्थिंगचा रोध वाढतो आणि ट्रान्समीटरची बरीच ताकद जमीन तापवण्यातच जाते. दोन, जमिनीला चिकटून जाणारी लहर लवकर दमते.

पण यात एक गंमत आहे. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितकी लहर जमिनीत खोल शिरते. चांगल्या ओलसर मातीत १ मेगाहर्ट्झची लहर साधारण ५ मीटर खोल जाते, तर ४५ किलोहर्ट्झची २० मीटरच्याही खाली. त्यामुळे वरचा हात-दोन हात थर गोठला तर अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरीला फारसा फरक पडत नाही, कारण तिला खालची ओली माती मिळते. मात्र सायबेरियासारखी जमीन बारा महिने खोलवर गोठलेली असेल, तर सुटका नाही.

यावर उपाय म्हणून अँटेनाभोवती तांब्याच्या तारांचं जाळं पसरतात. नाहीतर सरळ समुद्रकाठी जातात, कारण खारं पाणी मातीपेक्षा कैक पटींनी चांगलं वाहक असतं.

पतंग, वारा आणि तीन टिंबं

मार्कोनीनं समुद्रच गाठला. १८९६ मध्ये तो इंग्लंडला गेला, पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी कंपनी काढली. मग थेट अटलांटिक ओलांडायचं ठरवलं.

१९०१ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या पोल्डू केंद्राचे खांब वादळात कोसळले. तरी मार्कोनी थांबला नाही. डिसेंबरात दोन सहायकांना घेऊन तो न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पोहोचला. त्या थंडीत त्यांनी अर्थिंगसाठी जस्ताचे पत्रे पुरले आणि पतंगाला बांधून तार वर चढवली. १२ डिसेंबरला कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये मोर्सची तीन टिंबं, म्हणजे इंग्रजी एस हे अक्षर, ऐकू आल्याचं त्यानं जाहीर केलं. अंतर जवळपास साडेतीन हजार किलोमीटर, वय फक्त २७.

खरंच ऐकू आलं होतं का? कागदावर नोंद नव्हती, त्रयस्थ साक्षीदार नव्हता, शिवाय वेळ दिवसाची. त्यामुळे अभ्यासकांमध्ये शंका कायम आहे. त्यानं वापरलेल्या पाऱ्याच्या डिटेक्टरसारख्याच उपकरणाची माहिती बोस यांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडली होती. त्या श्रेयाचा वादही मिटलेला नाही.

पुढे कॅनडातल्या ग्लेस बे इथं केंद्र उभं राहिलं. १९०३ च्या एप्रिलमध्ये तारांवर बर्फ चढला आणि वजनानं अँटेना खाली आली. अटलांटिकपार नियमित व्यापारी सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर १९०७ उजाडला. आयर्लंडच्या क्लिफडन केंद्राची लहर जवळपास साडेसहा किलोमीटर लांब होती. त्यासाठी प्रचंड पसारा आणि तितकाच खर्च लागायचा.

१९०९ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासोबत मार्कोनीला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा मार्कोनी कंपनीच्या ऑपरेटरनं पाठवलेल्या संदेशांमुळेच सातशेहून अधिक लोक वाचले.

आणि मग जमीन सुटली

ब्रिटिश साम्राज्यभर लांब लहरींची साखळी उभारायची योजना होती, त्यात भारतही होता. पहिल्या महायुद्धात ती अडकली. तोवर मार्कोनीचं लक्ष उलट दिशेला, लघुलहरींकडे वळलं होतं. त्याचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यानं त्या एका झोतात पाठवायची पद्धत घडवली. या लहरी जमिनीला चिकटून जात नाहीत, वरच्या आयनांबरावर आदळून परततात. वाटेतली माती ओली, कोरडी की गोठलेली, याचा प्रश्नच बराचसा मिटला.

याच तंत्रानं ६ सप्टेंबर १९२७ रोजी भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली. तिची भारतातली केंद्रं आपल्या महाराष्ट्रातच होती. पुण्याजवळच्या खडकीतून संदेश जायचे आणि दौंडला यायचे.

शेवटच्या काळात मार्कोनीच्या नावाला डाग लागला. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि शेवटपर्यंत त्या राजवटीसोबत राहिला. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं. तेव्हा जगभरातल्या अनेक रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रसारण थांबवलं.

आजही दिवसा मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकताना ती लहर जमिनीच्याच आधारानं येते. ओली काळी माती तिला सोपी जाते, कोरडा खडकाळ माळ जड जातो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशोब वेगळा समजावून सांगायची गरज पडत नाही.